दिव्याखाली शॅडचा ढग, तरी क्रॅपी का लागत नाही?

उत्तर टेक्ससमधल्या लव्हॉन, लुईसव्हिल, रे रॉबर्ट्ससारख्या तलावांवर रात्री क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा धरायला जाणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. बोट नांगरली, हिरवा दिवा पाण्यात सोडला, तासाभरात शॅड या चाऱ्याच्या माशाची पिल्लं दिव्याभोवती फेर धरू लागली, गळाला जिवंत मिनो (आमिषाचा लहान मासा) आहे, आणि बॉबर, म्हणजे दोरीवर तरंगणारी खूण, मात्र ढिम्म. थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बोटीत एकामागून एक मासे वर येताहेत. अशा रात्रीनंतर बरेच जण दुप्पट उजेडाचा दिवा मागवतात. पुढच्या खेपेला शॅड दुप्पट जमते आणि मासे तेवढेच लागतात.

शॅड जमली म्हणजे दिव्याने आपलं काम केलं. त्यापुढचा दोष बहुतेक वेळा आमिषाच्या खोलीत असतो, त्याखालोखाल बोटीच्या हलण्यात आणि मग गळात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दिव्याखालचं पाणी नीट पाहा. तिथे काहीच नाही, शॅड आहे पण गळाला ओढ नाही, ओढ आहे पण मासा हाती येत नाही, आणि सगळं छान चालू असताना अचानक थांबलं, या चार वेगळ्या अडचणी आहेत. त्यांचे उपायही वेगळे.

साखळी कशी चालते हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं होतं. उजेडाकडे आधी सूक्ष्म प्राणिप्लवक सरकतं. ते खायला शॅडची पिल्लं येतात. त्यांच्या मागावर क्रॅपी येते, पण ती दिव्याला येऊन चिकटत नाही. उजेडाच्या गोळ्याच्या खालच्या अंगाला किंवा कडेच्या अर्धवट अंधारात ती थांबते आणि तिथून वर झेप घेते. कोकणातल्या वाचकाला दिव्यावरची मासेमारी म्हटलं की एलईडी पर्ससीन आणि २०१७ साली केंद्र सरकारने त्यावर घातलेली बंदी आठवेल. तो प्रकार निराळा. तिथे जनरेटरवरच्या प्रखर दिव्यांनी जमवलेला थवाच्या थवा जाळ्यात उचलतात. इथे दिवा लहानसा, आणि मासा निघतो तो एका गळाला एक असाच.

दिव्याखाली काहीच जमत नाही

आधी घड्याळ पाहा. अंधार पुरता पडण्याआधी दिवा सोडलात तरी प्लवक आणि शॅड जमायला तास-दीड तास जातो. वीस मिनिटांत जागा बदलणारा माणूस रात्रभर जागाच बदलत राहतो. दीड तासानंतरही दिव्याभोवती धुरकट ढग किंवा चंदेरी चमक दिसली नाही, तर मात्र हलायला हरकत नाही.

दिवा मंद वाटत असेल तर बॅटरीपासून सुरुवात करा. १२ व्होल्टचा ३६ वॅटचा दिवा ३ अँपिअर ओढतो, म्हणजे सहा तासांत १८ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवायची नसते, तेव्हा एका दिव्याला ३५ ते ४० अँपिअर-तासांची डीप सायकल बॅटरी लागते. दोन दिवे, एरेटर (मिनोच्या पाण्यात हवा सोडणारा पंप) आणि सोनार (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) मिळून ७.५ अँपिअर धरले तर सहा तासांचे ४५ होतात. त्याला लेड-ॲसिड घेतलीत तर १०० ची हवी, लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर ६० ची पुरते. इंजिन सुरू करायच्या बॅटरीवर दिवा चालवू नका. रात्री दोन वाजता तलावाच्या मधोमध इंजिन सुरू न होणं ही मासे न लागण्यापेक्षा बरीच मोठी अडचण आहे.

बॅटरी भरलेली असून दिवा मंद असेल तर तार तपासा. २० फुटी १८ गेजच्या तारेत ३ अँपिअरला सुमारे पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. त्याच लांबीची १४ गेजची, म्हणजे जाड, तार लावली की ही घट पाव ते एक तृतीयांश व्होल्टवर येते. बॅटरीला लावायच्या चिमट्यांना आलेला हिरवट गंज घासून काढा. दिवा लागतच नसेल तर आधी लाल-काळा चिमटा उलटा लागला नाही ना ते बघा, कारण एलईडी उलट जोडणीत पेटत नाही. ३ अँपिअरच्या दिव्याला ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. पाण्यात बुडवायच्या अनेक दिव्यांना थंड राहायला पाणी लागतं. ते बोटीवर चाचणीसाठी मिनिटभराहून जास्त चालू ठेवले तर आतून भाजून निघतात. म्हणून दिवा आधी बुडवा, मग जोडा. आणि काचेवरचा शेवाळी बुळबुळीत थर दर खेपेला पुसा. तो वाटतो त्याहून जास्त उजेड खातो.

दिवा ठीक असेल तर पाणी पाहा. लव्हॉनचं पाणी पावसानंतर चहासारखं होतं. पांढरी जिग (शिशाचं डोकं असलेलं कृत्रिम आमिष) पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते दिवसाउजेडी मोजून ठेवा. दोन फुटांच्या आतच दिसेनाशी होत असेल, तर दिवा आठ फुटांवर टांगून उपयोग नाही. तो तीन-चार फुटांवर आणा आणि सगळे गळ त्याच्या जवळ ठेवा. स्वच्छ पाण्यात याच्या उलट करायचं: दिवा पाच-सहा फुटांवर, गळ दूर.

राहता राहिली जागा. उन्हाळ्यात साधारण १८ ते ३० फूट पाणी, आणि त्यात काहीतरी उभं किंवा पडलेलं हवं: पुलाचे खांब, जुन्या ओढ्याच्या पात्राचं वळण, बुडालेली झाडं, कुणी टाकलेली झुडपं. सपाट चिखलावर दिवा लावला तरी शॅड येईल, कारण ती पाण्यात भटकतच असते. क्रॅपी मात्र आडोशाजवळ राहते. आडोसा दूर असला तर ती दिव्यापर्यंत पोचेलच याचा भरवसा नाही.

पौर्णिमेच्या आगेमागे दिव्याची ओढ कमी पडते. चांदण्यात सगळंच पाणी उजळलेलं असतं आणि प्लवकाला एका ठिकाणी गोळा व्हायचं कारण उरत नाही. अशा रात्री मोकळ्या पाण्याऐवजी पुलाच्या सावलीत जा, किंवा चंद्र मावळल्यानंतरचे तास धरा. कृष्ण पक्षातली शेवटची रात्र आणि तिच्या दोन्ही बाजूंचे तीन-चार दिवस सर्वांत चांगले. घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर वेगळं ॲप लागत नाही. ऐन हंगाम मे ते सप्टेंबर असल्यामुळे श्रावण मध्ये येतो, त्याचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा.

शॅड भरपूर, ओढ नाही

बहुतेकांचं घोडं इथे अडतं.

क्रॅपीचे डोळे डोक्यावर वरच्या बाजूला असतात आणि ती वर बघून खाते. तिच्या डोक्यावर तीन फुटांवर लोंबणारा मिनो तिला दिसतो, आणि ती उठून येते. तिच्या पोटाखाली एक फुटावर असलेला मिनो तिच्या लेखी नसल्यासारखाच. म्हणजे आमिष थोडं जास्त वर राहिलं तर मासे कमी लागतील, पण थोडं जास्त खाली गेलं तर लागणारच नाहीत. अंदाज चुकवायचाच असेल तर वरच्या बाजूला चुकवा. नवखा माणूस नेमका उलट वागतो. मोठा मासा खोलात असतो अशी समजूत असते, आणि वीस फूट पाण्यात गळ अठरा फुटांवर जातो.

खोली शोधायची रीत अशी. चार रॉड असतील तर आमिषं ८, ११, १४ आणि १७ फुटांवर लावा. (रॉडच्या संख्येवर काही राज्यांत आणि काही तलावांवर मर्यादा असते, ती आधी पाहून घ्या.) वीस मिनिटं थांबा. एकाही रॉडला काही झालं नाही तर सगळे दीड फूट वर घ्या, खाली नव्हे. एका खोलीवर लागोपाठ दोन मासे लागले की उरलेल्यांपैकी दोन रॉड त्याच खोलीवर आणा आणि एक त्याच्या फूटभर वर ठेवा. रात्रभरात हा थर सरकतो. शॅड वर आली की क्रॅपीही वर येते. त्यामुळे दहा वाजता सापडलेली खोली एक वाजता बरोबर असेलच असं नाही, आणि तो वरचा रॉड त्याचसाठी असतो.

सोनार असेल तर काम निम्मं होतं, पण त्यातही एक गोम आहे. सोनार खोली मोजतो ती ट्रान्सड्यूसरपासून, म्हणजे त्याच्या पाण्यातल्या संवेदकापासून, आणि ट्रान्सड्यूसर पाण्याखाली फूटभर असतो. पडद्यावर मासे १५ फुटांवर दिसले तर पृष्ठभागापासून ते १६ फुटांवर आहेत. बॉबरची दोरी मात्र पृष्ठभागापासून मोजली जाते. अशा वेळी आमिष १४ ते १५ फुटांवर ठेवा.

सोनारची संवेदनशीलता वाढवली की उन्हाळ्यात बऱ्याच तलावांत १५ ते २५ फुटांच्या दरम्यान आडवी धुरकट रेघ दिसते. तो थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं ऊन आणि खालचं गार पाणी यांच्यामधला थर. त्याखालचं पाणी गार असलं तरी त्यात प्राणवायू फार कमी उरतो. रेघेखाली सोडलेला मिनो गुदमरतो आणि त्याला खायलाही तिथे कुणी नसतं. वर ओढलेला मिनो दर वेळी मेलेलाच निघत असेल तर हे कारण आधी तपासा. वाऱ्याने सतत ढवळल्या जाणाऱ्या उथळ तलावांत ही रेघ पुसट असते किंवा नसतेच.

आता दोरीचं मोजमाप. पुष्कळांना वाटतं आपण १५ फुटांवर आहोत, आणि असतात भलतीकडेच. सर्वांत सोपं माप म्हणजे रॉडच. सहा फुटी रॉडच्या लांबीइतकी दोरी दोनदा मोजली की १२ फूट. बॉबरच्या गाठीपासून गळापर्यंत असं मोजून मगच गळ सोडा. पण वारा किंवा प्रवाह असेल तर दोरी सरळ खाली जात नाही. सरळ रेषेपासून ३० अंश कललेली १५ फूट दोरी आमिषाला १३ फुटांवरच ठेवते. ४५ अंश कलली तर साडेदहावर. शिसं वाढवा किंवा बोट वाऱ्याच्या आडोशाला न्या.

सरकत्या बॉबरची जुळणी गळापासून वर अशी असते: गळ, त्याच्या १२ ते १८ इंच वर शिशाचा छोटा मणी, मग बॉबर, त्यावर प्लास्टिकचा मणी, आणि सगळ्यांत वर बॉबरला अडवणारी दोऱ्याची गाठ. यात तीन गोष्टी बिघडतात. प्लास्टिकच्या मण्याचं भोक मोठं असेल तर गाठ त्यातून निसटते आणि आमिष थेट तळाला जातं. गाठ सैल असेल तर प्रत्येक फेकीला ती सरकते आणि तुम्ही ठरवलेली खोली हळूहळू बदलत जाते. गाठ ओली करून ताणून घट्ट करा आणि तासातून एकदा पुन्हा मोजा. तिसरी गोष्ट, शिसं फार हलकं असेल तर ओली दोरी बॉबरच्या नळीत चिकटते आणि आमिष चार फुटांवरच अडकून राहतं. बॉबर उभाच राहत नसेल तर एक तर आमिष तळाला टेकलंय किंवा दोरी नळीत अडकलीय. रॉडचं टोक दोन-तीनदा हलकेच उचलून पाहा. त्यानंतर बॉबर उभा राहिला तर दोरी अडकली होती. नाही राहिला तर खोली कमी करा.

बॉबर पाण्याबाहेर किती दिसतो यालाही महत्त्व आहे. शिसं इतकं हवं की फक्त वरचं टोक दिसावं. अर्धा बॉबर वर तरंगत असेल तर तो खाली खेचताना क्रॅपीला जोर लागतो, आणि ती आमिष थुंकून टाकते.

आडवं अंतरही बदलून पाहा. सगळे गळ दिव्याच्या अगदी खाली सोडू नका. एक तिथे, दोन उजेड संपतो त्या कडेला, म्हणजे पाण्याच्या गढूळपणानुसार दिव्यापासून सहा ते दहा फुटांवर, आणि एक पुरत्या अंधारात. वरच्या उजेडात सहसा हाताच्या तळव्याएवढे लहान मासे घुटमळतात. दहा इंचांवरचे कडेला आणि खाली सापडतात.

शॅडची चाल पाहत राहा, ती पुष्कळ सांगते. पिल्लं शांतपणे गोल फिरत असतील तर खाली कुणी नाही. ढग एकदम आवळला, त्यात मध्येच भोक पडलं किंवा काही पिल्लं पाण्याबाहेर उडाली, तर शिकारी आलाय. तो क्रॅपीच असेल असं नाही. पृष्ठभागावर जोरात फटकारे बसत असतील तर बहुधा सँड बास हे शिकारी मासे आहेत. ते आले की क्रॅपी खाली सरकते, आणि अशा वेळी मात्र आमिष दोन-तीन फूट खाली न्यावं. लांब, काठीसारखी सावली संथपणे उजेडातून जात असेल तर तो ‘गार’ नावाचा मोठा शिकारी मासा. तो जाईपर्यंत चहा घ्या.

दोन तास शॅड भरपूर आहे, सगळ्या खोल्या आणि अंतरं पाहून झाली, तरी काही नाही? मग आडोसा चुकलाय. दिवा विझवा आणि शंभर-दोनशे फुटांवरच्या पुढच्या खांबांकडे जा.

बॉबर हलतो, मासा येत नाही

क्रॅपीचा जबडा कागदासारख्या पातळ पडद्याचा असतो. मासा लागल्यावर कटल्याला देतात तसा हिसका दिला की पडदा फाटतो, भोक मोठं होतं आणि गळ गळून पडतो. हिसका नको. रॉड सावकाश वर उचला आणि त्याच लयीत रील फिरवत राहा. दोरी सैल पडू देऊ नका. मासा पाण्याबाहेर दोरीवर लटकवून आत घ्यायचा नाही. त्याच्या खाली लांब दांड्याचं हातजाळं घाला. जाळं नेहमी हाताशी, उघडं आणि गुंता न झालेलं असावं. अंधारात ते शोधण्यातच मोठे मासे सुटतात.

वेणीसारखी विणलेली (ब्रेडेड) दोरी ताणली जात नाही, त्यामुळे पडदा फाटण्याची शक्यता वाढते. ६ पौंडी मोनोफिलामेंट (एकाच नायलॉन धाग्याची दोरी) बरी, तिच्यात लवचिकपणा असतो. बुडालेल्या झाडांमध्ये ८ किंवा १० पौंडी घ्या, आणि गळ बारीक तारेचा, ॲबरडीन प्रकारचा घ्या. तो लाकडात अडकला तर संथ जोर लावल्यावर वाकून सुटतो. बोटाने पुन्हा सरळ करून वापरता येतो, पण दोन-तीनदा वाकला की टाकून द्या. रीलचा ड्रॅग (दोरी सुटू देणारा ब्रेक) इतका सैल हवा की हाताने दोरी ओढल्यावर ती सहज सुटावी.

क्रॅपीची ओढ ओळखण्यातही गफलत होते. बॉबर खाली जाईल म्हणून माणूस वाट बघतो. क्रॅपी खालून येऊन मिनो तोंडात घेते आणि वरच जाते. मग शिशाचं वजन माशावर येतं आणि उभा बॉबर आडवा पडतो. आडवा पडलेला बॉबर हीच ओढ. त्याच क्षणी सैल दोरी गुंडाळून रॉड उचला.

मिनो दोन पद्धतींनी लावतात. बोट स्थिर असेल तर पाठीवरच्या पराच्या थोडं मागे, कण्याच्या वरून गळ घाला. कणा दुखावला की मिनो हलायचा थांबतो. दोरी सतत वरखाली करत असाल तर दोन्ही ओठांतून खालून वर घाला. दीड-दोन इंची मिनोला ४ नंबरचा गळ, त्याहून मोठ्याला २ नंबरचा (नंबर लहान तितका गळ मोठा). शेपटी कुरतडलेली आणि बॉबर नुसता थरथरतोय, तर ब्लूगिल या लहान माशाची पिल्लं आहेत. दोन-तीन फूट खाली जा किंवा मिनो काढून १/१६ औंसाची जिग लावा.

जिगवर ओढ येऊन मासा सुटत असेल तर गाठ बघा. गाठ जिगच्या कडीत पुढे सरकली की जिग नाक वर करून उभी लोंबते आणि माशाला ती विचित्र दिसते. गाठ कडीच्या वर, मधोमध सरकवून जिग आडवी करा. प्रत्येक माशानंतर हे पुन्हा करावं लागतं.

बारापर्यंत जोरात, मग एकदम बंद

दोष सहसा माशांच्या मनःस्थितीला दिला जातो. त्याआधी बोट कुठे आहे ते पाहा. फक्त पुढच्या नांगरावर उभी असलेली बोट वारा बदलला की कमानीत फिरते, आणि तिच्याबरोबर दिवाही वीस-तीस फूट सरकतो. शॅड पोहत मागे येईल, प्लवक तितक्या वेगाने येत नाही. तासाभराची जमवाजमव पुन्हा शून्यापासून सुरू. टेक्ससमध्ये उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा रात्री मंदावतो, आणि जवळपास वादळ असेल तर अचानक भलत्याच दिशेने झोत येतो. (विजा दिसू लागल्या तर दिवा-गळ गुंडाळून किनारा गाठा. हातात ग्रॅफाइटचा रॉड घेऊन मोकळ्या पाण्यात बसायची ती वेळ नव्हे.)

उपाय दोन नांगरांचा. पुढचा नांगर वारा येतो त्या बाजूला टाका, दोरी सोडत मागे या, मग मागचा टाका आणि दोन्ही दोऱ्या ताणून घ्या. २५ फूट पाण्यात ७५ ते १०० फूट दोरी हवी, नाहीतर नांगर घसरतो. केवळ मागच्या बाजूने, वाऱ्याला पाठ करून कधीच नांगरू नका. लाट मागच्या फळीवरून आत येते आणि छोटी बोट भरायला वेळ लागत नाही. पुलाच्या खांबाला दोरी बांधायची असेल तर त्या तलावावर ते चालतं का ते आधी पाहून ठेवा.

बोट जागेवरच असेल तर दिव्याच्या घेराकडे पाहा. तो लहान झालाय का? जुनी लेड-ॲसिड बॅटरी चार तासांनी मान टाकते. दिवा चालू असताना चिमट्यांवर मल्टिमीटर लावा. ११.५ व्होल्टच्या खाली आकडा गेला असेल तर उत्तर मिळालं. चांगल्या दिव्यांत विद्युतप्रवाह स्थिर ठेवणारं सर्किट असतं. ते मंद न होता एकदम विझतात, त्यामुळे तिथे डोळ्याला आगाऊ सूचना मिळत नाही.

तिसरं कारण बादलीत असतं.

मिनो मरतात

अर्धमेला मिनो क्रॅपीला चालतो, असं काही जण म्हणतात. काही रात्री चालतो. ज्या रात्री चालत नाही त्या रात्री तुमच्याकडे दुसरं काही नसतं.

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, ॲलन, मॅकिनी या भागांत मराठी वस्ती बरीच आहे, आणि तिथल्या नळाचं पाणी नॉर्थ टेक्सस म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्टकडून येतं. त्यात जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन असतं. साधं क्लोरीन बादली रात्रभर उघडी ठेवली की उडून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही. त्यामुळे ‘पाणी काल भरून ठेवलं होतं’ हा युक्तिवाद मिनोंना पटत नाही. माशांच्या टाकीसाठी मिळणारं, क्लोरामाइनवर चालतं असं लिहिलेलं औषध डब्यावरच्या प्रमाणात घाला. गंमत म्हणजे या पाण्याचा एक मुख्य स्रोत लव्हॉन तलावच आहे.

बर्फाचंही तेच. नळाच्या पाण्याचा सुटा बर्फ बादलीत टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली आत सोडा. जुलैत तलावाचं पाणी ८५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं, आणि पाणी जितकं ऊन तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. ७० च्या आसपास आणा, पण हळूहळू. अर्ध्या तासात पंधरा अंश उतरवलं तर धक्क्यानेच मरतील. दुकानातून आणलेली पिशवी थेट बादलीत रिकामी न करता आधी पंधरा-वीस मिनिटं तशीच तरंगू द्या. एका गॅलनला डझनभर मिनो पुरे. चार डझन घ्यायचे असतील तर पाच गॅलनची, उष्णतारोधक भिंतीची बादली आणि चालू एरेटर हवा. मेलेले मिनो लगेच काढा, ते उरलेल्यांचं पाणी नासवतात. आणि ओला हात बादलीत वारंवार घालू नका, विशेषतः डास पळवायचं औषध लावलेला. त्यासाठी छोटी चहाच्या गाळणीएवढी जाळी मिळते.

दिवा, परवाना, पाणी

पाण्यातला हिरवा दिवा म्हणजे नांगरलेल्या बोटीचा दिवा नव्हे. सूर्यास्तापासून सगळ्या बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा चालू हवा. तो उंच दांड्यावर, डोळ्यांच्या वर बसवा, म्हणजे डोळे दिपत नाहीत आणि किडे तोंडाजवळ घोंगावत नाहीत. कपाळावरच्या दिव्याला लाल उजेडाची सोय असेल तर गळ बांधताना तीच वापरा. बसल्या जागीही लाइफ जॅकेट अंगात असू द्या. रात्री पाण्यात पडलेला माणूस दिसत नाही.

टेक्ससमध्ये १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना मासेमारीचा परवाना लागतो. राज्याचा सर्वसाधारण नियम दिवसाला २५ क्रॅपी आणि किमान लांबी १० इंच असा आहे, पण काही तलावांचे नियम वेगळे आहेत आणि टेक्सोमा तलावावर तर ओक्लाहोमाची हद्दही येते. मोजपट्टी बोटीच्या काठालाच चिकटवून ठेवा. साडेनऊ इंची मासा अंधारात दहाचा वाटतो. ठेवायचे मासे लगेच बर्फात घाला. क्रॅपीचं मांस मऊ असतं, आणि ऊन पाण्याच्या लाइव्हवेलमध्ये (बोटीतल्या जिवंत माशांच्या टाकीत) मेलेला मासा सकाळपर्यंत तव्यावर टाकायच्या लायकीचा राहत नाही.

२००९ मध्ये टेक्सोमात झेब्रा मसल हा शिंपला सापडला आणि नंतर तो लुईसव्हिल, रे रॉबर्ट्सपर्यंत पोचला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाण्यातून प्रवास करतात. म्हणून टेक्ससमध्ये रॅम्प (बोट पाण्यात उतरवायचा उतार) सोडण्याआधी लाइव्हवेल, बिल्ज (बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा) आणि तलावाचं पाणी भरलेली मिनोची बादलीसुद्धा रिकामी करावी लागते. उरलेले मिनो घरी न्यायचे असतील तर औषध घातलेलं नळाचं दोन गॅलन पाणी गाडीत आधीच ठेवा आणि मिनो जाळीने त्यात हलवा. न्यायचे नसतील तर तलावात ओतू नका, कचऱ्यात टाका.